चोपन्न पैसे

एखादी गोष्ट होईल का, असं विचारलं की माणसं 'होईल' म्हणतात, 'बघू' म्हणतात, फारच झालं तर वर आभाळाकडे बोट दाखवतात. आमचे सर्कल आप्पा पैसे सांगायचे. लातूरची एसटी वेळेवर यायची शक्यता वीस पैसे. शेजारच्या पोराचं लग्न यंदा जमायची शक्यता पस्तीस पैसे, आणि त्यानं ती मिशी काढली तर पंचेचाळीस. त्यांच्या बायकोची, म्हणजे काकूंची, आमटीसुद्धा या तावडीतून सुटत नसे. पहिला भुरका मारला की आप्पा डोळे मिटायचे आणि म्हणायचे, साठ. काकू म्हणायच्या, आमटी शंभरच हाय, चाळीस तुमच्या जिभेत कमी हायेत.

आप्पा महसूल खात्यात मंडळ अधिकारी होते. जुनी माणसं त्या हुद्द्याला अजून सर्कल म्हणतात, म्हणून माघारी सगळे त्यांना सर्कल म्हणत आणि तोंडावर आप्पा. दरवर्षी गावोगावच्या पिकांची पैसेवारी काढणं हे त्यांचं काम. शंभर पैसे म्हणजे पूर्ण पीक, पन्नास म्हणजे निम्मं. पन्नासच्या खाली आकडा गेला की दुष्काळ ठरायचा, आणि दुष्काळ ठरला की गावाला सवलती मिळायच्या. त्यामुळे आमच्याकडे एक उलटाच रिवाज पडलेला आहे. पैसेवारीला सर्कल गावात आला की त्याला चहा पाजायचा, पंख्याखाली बसवायचं आणि हळूच सांगायचं, साहेब, पन्नासच्या आत ठेवा. जगात सगळीकडे माणसं आपला आकडा वाढवून मागत असतील, आमच्या जिल्ह्यात कमी करून मागतात.

निवृत्त झाल्यावर आप्पांची पिकं सुटली, आकडा सुटला नाही. त्यांचं घर कळंबच्या मोंढ्यामागच्या, म्हणजे धान्यबाजारामागच्या, गल्लीत. घराच्या पुढच्या गाळ्यात माझ्या बाबांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान होतं, म्हणजे आप्पा आमचे मालक. शेतातल्या जळालेल्या पाणबुडी मोटारी दुकानात यायच्या, बाबा त्यांची जुनी तांब्याची तार काढून नवी भरायचे. व्हार्निशच्या वासात, तारेच्या वेटोळ्यांशेजारी आप्पा लोखंडी खुर्ची टाकून बसायचे. भाडेकरूच्या दुकानात मालकानं असं ठाण मांडणं बरं दिसत नाही, असं काकू म्हणायच्या. बाबांना मात्र आप्पा हवे असायचे. गिऱ्हाईक उधारीला आलं की त्याची पैसेवारी आप्पांच्या एका नजरेत कळायची.

बारावीच्या पोरांकडे ते नेमके कधी वळले, कुणाला सांगता येत नाही. सीईटीचा निकाल लागला की कळंबात एकच प्रश्न घरोघर फिरत असे, कॉम्प्युटर मिळेल का. मेकॅनिकल म्हटलं की मामालोक तोंड वाकडं करत, सिव्हिल म्हटलं की विषय बदलत. कॉम्प्युटर म्हणजेच इंजिनिअरिंग, बाकी सगळं म्हणजे पोराचं थोडक्यात हुकलं. असाच कुणी बाप एकदा दुकानात बसून हळहळत असणार, आणि आप्पांनी सवयीनं आकडा सांगून टाकला असणार. तो खरा ठरला. मग जून-जुलैत दुकानासमोर मोटारसायकली लागायला लागल्या आणि बाबांची गिऱ्हाइकं कुठली, आप्पांची कुठली, हे कळेनासं झालं.

त्यांची पद्धत शेतातलीच होती. मागच्या सालचे कटऑफ ते झेरॉक्सवाल्याकडून काढून आणत आणि भिंगातून वाचत, पण त्यावर त्यांचा निम्माच भरवसा. "रस्त्याकडंचं पीक चांगलंच दिसतंय," ते म्हणायचे, "आत शिरून बघावं लागतंय." म्हणजे ते पोराला उभं करून त्याच्याभोवती एक चक्कर मारायचे. मग प्रश्न. सकाळी कोण उठवतं? आई माहेरी गेली की जेवतोस काय? अंगावर कुणी ओरडलं तर किती दिवस धरून ठेवतोस? एका मुलीला त्यांनी विचारलं होतं की एका खोलीत चौघी असल्या आणि तिघींना दिवा बंद पाहिजे असला तर तू काय करशील. ती म्हणाली, बाथरूममध्ये जाऊन वाचीन. आप्पांनी जागेवर दहा पैसे वाढवले.

त्यानंतर कापणी प्रयोग. पिकाचा खरा अंदाज घ्यायचा तर शेताचा चांगला तुकडा निवडून चालत नाही. चिठ्ठी टाकून जो तुकडा निघेल तोच मापायचा, तेवढाच कापायचा, मळायचा आणि तोलायचा. आप्पांकडे त्यासाठी भाजीवाली, दूधवाला, पोस्टमन, जो कुणी गल्लीतून जाईल तो असे. त्याला थांबवून म्हणायचे, एक आकडा सांग. भाजीवाली वैतागून सांगायची, एकशे अडतीस. की पोराच्या गणिताच्या पुस्तकाचं एकशे अडतिसावं पान उघडलं जाई आणि त्यावरचं एक उदाहरण त्याला दुकानाच्या पायरीवर बसून सोडवायला लागे. आप्पांना त्यातलं काही म्हणजे काही कळत नसे. ते उत्तर तपासतच नव्हते. गणित अडलं की पोरगं कसं बसतं, एवढंच ते बघायचे. कुणी लगेच मान वर करून हसायचं, कुणी पेन आपटायचं, कुणी बापाकडे बघायचं. "पाणी तुटल्यावर पीक कसं उभं ऱ्हातंय ते बघायचं," हे त्यांचं शास्त्र.

शास्त्र चुकायचंसुद्धा. एका डॉक्टरांच्या मुलाला त्यांनी ऐंशी पैसे सांगितले होते आणि त्याला हवं ते कॉलेज लागलं नाही. दुसऱ्या दिवशी आप्पा धुतलेलं धोतर नेसून, डोक्यावर टोपी घालून त्यांच्या घरी गेले. पोराच्या आईबापांसमोर बसले आणि म्हणाले की अंदाज माझा चुकलाय, पोरगं चुकलेलं न्हाय. मग चहा न घेता उठून आले. असं ते प्रत्येक चुकलेल्या आकड्यासाठी करायचे, मग घर डॉक्टरांचं असो की हमालाचं. काकू म्हणायच्या, लोक बारशाला बोलवतात, ह्यांना दुखवट्याला जायची हौस.

आप्पांचा आणखी एक नेम होता. कळंबहून बाहेर पडणाऱ्या एका रस्त्यावर एक गाव लागतं. एसटी त्या गावाजवळ आली की आप्पा मान फिरवून दुसऱ्या बाजूच्या खिडकीकडे बघत बसत. तिकडे बायका बसलेल्या असोत, खिडकी बंद असो, मान तिकडेच. काकूंनी मला सांगितलेलं इतकंच, की ते गाव आप्पांच्या सर्कलमध्ये होतं आणि एका कोरड्या साली तिथली पैसेवारी त्यांनी एक्कावन्न लिहिली होती. गाव हातापाया पडलं होतं. दोन पैसे खाली आणा म्हणाले होते, फक्त दोन पैसे. आप्पांनी कापणीत निघालं तेच लिहिलं. खरं तेच लिहिलं, असं ते स्वतः पुष्कळदा अभिमानानं सांगायचे. मान मात्र फिरवायचे.

मग माझी पाळी आली.

मला सीईटीत बरे गुण पडले होते. बरे म्हणजे नातेवाईक पेढे मागतील इतके, आणि मला झोप लागणार नाही इतकेच. मला पुण्याच्या सरकारी कॉलेजातलं कॉम्प्युटर हवं होतं. दुसरं काही नको होतं. हे मी घरात एकदाच बोलले आणि घरातला आवाज गेला. बाबा तरुणपणी एका कंपनीत कामाला म्हणून पुण्याला गेले होते आणि महिन्याभरात परत आले होते. तिथं काय झालं, ते त्यांनी आईलाही कधी सांगितलं नाही. पण पुणं म्हटलं की ते हातातली पक्कड खाली ठेवायचे. त्यांचं म्हणणं असं की एसटीनं जाऊन-येऊन करता येईल असं जवळचं कॉलेज बघावं, ब्रँच मिळेल ती घ्यावी, रात्री पोरगी घरात असावी. माझे बाबा वाईट नव्हते. ते भ्यायले होते, आणि भीतीलाच शहाणपण समजत होते, जसं आपण सगळे समजतो.

प्रवेशाच्या फॉर्ममध्ये कॉलेजं आपल्या पसंतीच्या क्रमानं भरायची असतात. त्यात एक मेख आहे. पहिल्याच नंबरचं कॉलेज पहिल्या फेरीत लागलं, तर ते तुमचं झालं, पुढच्या फेऱ्या तुमच्यासाठी बंद. आमच्याकडची माणसं इथंच मार खातात. हातचं जाऊ नये म्हणून जवळचं, सोपं, नक्की मिळणारं कॉलेज पहिल्या ओळीत टाकतात आणि ते नक्की मिळतंही. आप्पा याला 'भीती पेरणं' म्हणत. बाबांनीही जवळचं कॉलेज वर टाकायचं ठरवलं होतं. मी जेवण सोडलं, आई रडली, आणि शेवटी एवढंच ठरलं की आप्पा म्हणतील ते. आकडा पन्नासच्या वर आला तर पहिली ओळ पुण्याची. खाली आला तर पुन्हा विषय काढायचा नाही. घरच्या भांडणाला आम्ही शासनाचा नियम लावला.

त्या दिवशी दुपारी मी दुकानाच्या मागच्या खोलीत होते. तिथं व्हार्निश केलेल्या मोटारी वाळायला ठेवलेल्या असत. मी आत आहे हे बाबांना माहीत नव्हतं. पुढे त्यांचा आवाज आला, आणि तो नेहमीचा नव्हता. उधारी मागायला आलेलं गिऱ्हाईक बोलतं तसा होता.

"आप्पा, तेवढी पन्नासच्या आत ठिवा."

आप्पांची लोखंडी खुर्ची करकरली.

"लेकरू हाय वो," बाबा म्हणाले. "तिकडं गेली आन न्हाय जमलं, तर म्या काय करू? हितं निदान डोळ्यापुढं ऱ्हाईल. तुमी म्हणलाव तर ती ऐकल."

मी तिथंच उकिडवी बसून होते. मला राग यायला हवा होता, पण मला रडू आलं, कारण बाबांनी कुणाकडे काही मागितलेलं मी तोवर ऐकलं नव्हतं. आणि आप्पा नाही म्हणणार हेही मला ठाऊक होतं. एक्कावन्न लिहिणारा माणूस तो. पण मग खरा आकडा काय होता? मी कटऑफ पाहिले होते, मला गणित येत होतं. आप्पांनी खरं सांगितलं तरी बाबांचं काम होणार होतं, वशिल्याची गरजच नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पांनी आम्हाला तिघांना बोलावलं. आई पदर घट्ट धरून उभी. आप्पांनी माझ्याभोवती चक्कर मारली. प्रश्न एकही विचारला नाही. गल्लीतून भाजीवाली चालली होती, तिला आकडा विचारला, पान उघडलं, आणि मी पायरीवर बसले. उदाहरण मला येत नव्हतं. अगदी सुरुवातीलाच अडलं. मी दुसऱ्या बाजूनं सुरुवात केली, तिकडूनही अडलं. बाबांनी दोन मोटारी उघडून बंद केल्या. आईनं मला पाणी आणून दिलं आणि मी ते बाजूला ठेवलं. ऊन पायरीवर आलं तशी मी एक पायरी वर सरकले, आणि पुन्हा तेच. जेवणाची वेळ झाली तरी गणित सुटलं नाही. आप्पा तोवर खुर्चीत बसून माझ्याकडे बघत होते. मग उठले, पुस्तक माझ्या हातातून घेतलं आणि मिटलं.

"चोपन्न," ते म्हणाले.

बाबांनी त्यांच्याकडे बघितलं. मी आयुष्यात त्यांचा चेहरा इतका उघडा पाहिलेला नाही. पण त्यांनी नुसती मान हलवली. सर्कलनं आकडा सांगितला की गाव हात जोडतं, मनातून कितीही शिव्या दिल्या तरी. तो आकडा खोटा असेल असं बाबांच्या मनातसुद्धा आलं नाही, कारण आप्पा खोटं लिहीत नाहीत हे सगळा तालुका जाणत होता. संध्याकाळी ते स्वतः माझ्याबरोबर नेट कॅफेत आले आणि पहिली ओळ पुण्याची भरली. दुसरी त्यांची.

पहिल्या फेरीत मला दुसऱ्या ओळीतलं जवळचं कॉलेज लागलं. तेच वर टाकलं असतं तर त्या दिवशीच सगळं संपलं असतं. बाबा म्हणाले, घे की आता. मी थांबले, कारण चोपन्न होते. दुसऱ्या फेरीतही तेच. या सगळ्या दिवसांत आप्पांचं काहीतरी बिनसलं होतं. ते दुकानात येत, बसत, पण आकडा सांगत नव्हते. एसटीचा नाही, लग्नाचा नाही. काकूंनी एकदा आमटी वाढून वाट बघितली, पुन्हा विचारलं, तरी हे गप्प. काकू आईला म्हणाल्या, परीक्षा तुझ्या लेकीची आन पोट ह्यांचं बिघडलंय. मला तेव्हा वाटलं, किती माया या माणसाची.

शेवटच्या फेरीत पुणं लागलं. मी ओरडत दुकानात गेले. बाबा मोटारीवर वाकलेले होते, तसेच वाकलेले राहिले, आणि मग तेल लागलेल्या हातांनी त्यांनी माझं तोंड धरलं. आप्पा उठून आत घरात गेले. थोड्या वेळानं काकूंचा आवाज आला. आप्पांनी आमटीला सत्तर पैसे दिले होते, आणि अजून ती शिजायची होती.

पुढची चार वर्षं सोपी नव्हती, पण ती माझी मी काढली. नोकरी लागली. बाबांनी दुकानाच्या शटरवर माझं नाव मोटर रिवाइंडिंगच्या खाली रंगवून घेतलं, ते कशासाठी हे त्यांनाही सांगता येईना. पुण्याचा विषय निघाला की ते आता गिऱ्हाइकांना रस्ते समजावून सांगतात.

एका मे महिन्यात मी घरी आले होते. आप्पा थकले होते. डोळ्यांनी कमी दिसायचं, पोरं यायचीही कमी झाली होती, कारण आता मोबाइलवर कॉलेजचा अंदाज सांगणारं काहीबाही निघालं होतं. मी त्यांच्या खुर्चीशेजारी पायरीवर बसले. नोकरीत मीही अंदाजच काढते, आकड्यांवरून पुढचं सांगायचं काम. म्हणून सहज विचारलं, आप्पा, ते चोपन्न तुम्ही कसे काढले? मी पुढे कितीदा तरी हिशोब मांडून बघितला, मला तेवढे कधीच मिळाले नाहीत.

आप्पांनी दुकानाकडे बघितलं. बाबा एक मोटार चालू करून तपासत होते, तिचा आवाज भरून राहिला होता.

"तीसबत्तीस व्हती," ते म्हणाले. "तीबी गणितापुढनं तू उठली न्हाईस म्हणून."

खोटं लिहिलंत, असं मी म्हणाले.

"व्हय. एकदाच." त्यांनी हात मांडीवर ठेवले. "त्या गावात एक पोरगी व्हती. बारावीची. दुष्काळ ठरला असता तर तिची परीक्षा फी माफ व्हणार व्हती. एक्कावन्न झाली, आन तिच्या बापाला निमित्त घावलं. पोरगी घरी बसवली, पुढच्या उन्हाळ्यात लगीन. मला मागनं कळलं. म्या खरं लिव्हलं व्हतं, कुनी बोट दावू शकत न्हाय. पर त्या गावात पाय ठिवायला तोंड न्हाय मला."

मला लागलंच नसतं तर, असं मी विचारलं. ते हसले. म्हणाले, धोतर धुवून ठेवलं होतं, तुझ्या बापापुढे येऊन बसलो असतो आणि म्हणालो असतो की अंदाज माझा चुकलाय. मग म्हणाले, तेवढं तरी खरं बोलणं झालं असतं.

मी त्यांचा हात धरला. आमच्याकडे असं कुणी करत नाही, पण धरला. म्हणाले, आप्पा, बाबांना सांगू का?

"कशाला?" ते म्हणाले. "खरं लिव्हून एका गावाला मुकलो. खोटं लिव्हलं, त्या घरचा च्या रोज पितोय. ऱ्हाऊ दे."

मोटारीचा आवाज बंद झाला. बाबा फडक्याला हात पुसत बाहेर आले, समोरच्या गाड्यावर गेले आणि दोन ग्लास चहा घेऊन आले. एक माझ्यापुढे धरला, एक आप्पांपुढे. रोजच्यासारखं त्यांनी विचारलं, आप्पा, आज किती?

आप्पांनी एक घोट घेतला, डोळे मिटले.

"चाळीस," ते म्हणाले.

चहा खरंच पाणचट होता.